मिलवर जास्त फिरवलं की रबर मजबूत होतं? अर्धंच खरं

रबर मोल्डिंगवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक सल्ला फिरतोय: ‘मिलवर (रबर मळायच्या दोन रोलरांच्या यंत्रावर) मिक्सिंग जितकं जास्त, तितका माल मजबूत.’ अर्धं खरं आहे, म्हणूनच जास्त नडतं.

रबरात मजबुतीसाठी घालतात ती काजळीची बारीक पूड, म्हणजे कार्बन ब्लॅक, नीट पसरेपर्यंत मळायला हवंच. कंपाउंडचा, म्हणजे मिसळून तयार झालेल्या रबराचा, तुकडा ब्लेडने कापून बघा. कापावर दाणे दिसले, तर पुढे चीर त्याच गुठळ्यांपासून सुटते. पण नैसर्गिक रबराच्या रेणूंच्या लांब साखळ्या रोलरांमध्ये तुटतातही. इंग्रज संशोधक थॉमस हॅनकॉकने १८२० मध्ये लंडनला बनवलेल्या यंत्रात रबर मऊ पडायचं, ते यामुळेच. अति मळलं की ताकद उतरते. (गंधक घातल्यावर तापू दिलंत तर माल मिलवरच कडक होऊ लागतो, ते वेगळंच दुखणं.)

दोन रबरांच्या मिश्रणात तर क्रमालाही महत्त्व. नैसर्गिक रबर आणि पॉलिब्युटाडाइन (एक कृत्रिम रबर) आधी एकत्र करून मग ब्लॅक टाकला, तर तो बराचसा पॉलिब्युटाडाइनकडे ओढला जातो आणि नैसर्गिक रबर उपाशी राहतं. वाटणी आपल्या हातात ठेवायची, तर दोन्हींचे मास्टरबॅच (ब्लॅक आधीच मिसळलेले गोळे) वेगळे करून नंतर मिसळतात. रेसिपी तीच, वजनं तीच, तरी ताणाच्या चाचणीत आकडे वेगळे येऊ शकतात.