मिशी लावणाऱ्यांचं काय?

टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमांत पुरुषांनी साडी नेसून हशा पिकवावा का, यावरून आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पुन्हा वाद झाला. काकांनी बालगंधर्वांचा दाखला दिला. चुलतबहिणीने, यात बायकांची टिंगल होते, असं सुनावलं. मला बहिणीचं पटतं. पण इथे लंडनमध्ये ते सगळं वाचताना राहून राहून वाटलं, नेहमी साडीवरच का भांडतो आपण? मिशीचा विषय कुणीच काढत नाही.

इथल्या रॉयल व्हॉक्सहॉल टॅव्हर्न या जुन्या पबमध्ये मी पहिल्यांदा ड्रॅग किंग पाहिले. पुरुष रंगवणाऱ्या बहुतेक स्त्रियाच, काही ट्रान्स, काही स्वतःला स्त्री-पुरुष दोन्हींत न मोजणारे. छाती पट्ट्याने बांधायची, गडद रंग भरून जबडा चौकोनी करायचा, केसांचा बारीक भुगा गालावर चिकटवायचा. मग समोर येतो तो पाय फाकवून दोघांची जागा अडवणारा, न विचारता अक्कल शिकवणारा पुरुष. मी आधी खूप हसले, मग गप्प झाले. ती बसायची ढब मी कॉलेजच्या दिवसांत सिटी बसमध्ये रोज सोसली होती. पुरुषीपणाही शिकून अंगावर चढवलेला असतो, हे तिथे डोळ्यांना दिसलं.

म्हणून लंडन फार पुढारलेलं, असं मी म्हणणार नाही. बालगंधर्व १९०५ मध्ये किर्लोस्कर मंडळीत आले, तेव्हा इथे व्हेस्टा टिली सूट-टोपीत पुरुष रंगवून थिएटरं भरवत होती. १९२० मध्ये ती निवृत्त झाली. आज तिचं नाव इथल्या तरुणांनाही सांगावं लागतं. 'रूपॉल्स ड्रॅग रेस' ही ड्रॅग कलाकारांच्या स्पर्धेची अमेरिकी मालिका २००९ पासून चालू आहे, पण तिचा मुकुट राण्यांसाठीच, म्हणजे बाईचं रूप रंगवणाऱ्या ड्रॅग क्वीन्ससाठी.

आणि आपल्याकडे? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला निव्वळ स्त्रियांच्या संगीत नाटक मंडळ्या होत्या. त्यांत नायकही बायकाच व्हायच्या. बालगंधर्वांच्या नावाचं रंगमंदिर पुण्यात आहे; या बायकांपैकी एकीचंही नाव आमच्या ग्रुपवर कुणाला सांगता आलं नाही. मला वाटतं, पुरुषाने साडी नेसली की तो खाली उतरला म्हणून लोक हसतात. बाईने मिशी लावली की ती वर चढू पाहते, आणि ते बघायचंच नसतं. मुंबईत दुर्गा गावडे या शिल्पकाराने 'शक्ती' या नावाने ड्रॅग किंग म्हणून रंगमंच गाठला, त्याची चर्चा आपल्या किती घरांत झाली?

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. काका काही बोलले नाहीत. रात्री काकूंचा मला एकटीला मेसेज आला: "कन्याशाळेत गॅदरिंगला दोन वर्षं मीच तानाजी होते. काजळाची मिशी. आवाज असा लावायचे की शेवटच्या बाकापर्यंत जायचा. लग्नानंतर कुणी विचारलंच नाही गं."