अंदमानला जाताय? बाराटांग कापा, डिगलीपूरला मुक्काम वाढवा

डिसेंबर-जानेवारीची तिकीटं काढली की बहुतेकांच्या हातात तीच ती आयटिनररी असते. सेल्युलर जेल, हॅवलॉक, नील, मध्ये एक दिवस बाराटांग बेट, की परत. जेल बघाच, सावरकरांची कोठडी बघितल्याशिवाय आपला माणूस तिथून परत येत नाही आणि येऊही नये. पण ज्यांना खरंच जंगल, पक्षी, कासवं बघायचीत त्यांना कळकळीने सांगते, बाराटांग कापा आणि वाचलेला वेळ उत्तरेला डिगलीपूरला द्या.

बाराटांगसाठी मध्यरात्रीच उठवतात, जिरकाटांगच्या चेकपोस्टवर गाड्यांची ही मोठी लाइन, मग पोलिस बंदोबस्तात कॉन्व्हॉय सुटतो तो थेट जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून. सांगताना चुनखडीची गुहा आणि चिखलाचा ज्वालामुखी सांगतात, पण गाडीतले कितीतरी जण खिडकीला नाक लावून "दिसले का, दिसले का" करत असतात. अहो माणसं आहेत ती! २०११ च्या जनगणनेत जेमतेम ३८० भरली. १९९७-९८ नंतर ते आपणहून बाहेर यायला लागले आणि लगेच १९९९ ला त्यांच्यात गोवराची साथ आली. सुप्रीम कोर्टाने २००२ मध्येच हा रस्ता बंद करायला सांगितलं होतं, तो आजही चालू आहे. २०१२ मध्ये जारवा बायकांना पर्यटकांसमोर नाचायला लावल्याचा व्हिडिओ बाहेर आला तेव्हा सगळे हळहळले आणि नंतर विसरले. फोटो काढणं गुन्हा आहे हे आता सगळ्यांना माहितीये, पण मला तर तिथून पर्यटक म्हणून जाणंच पटत नाही.

मग डिगलीपूरला कसं जायचं, कारण बसही त्याच रस्त्याने जाते? समुद्राने. पोर्ट ब्लेअरच्या (आता श्री विजयपुरम) फिनिक्स बे जेट्टीवरून आठवड्यातून काही दिवस सरकारी जहाज सुटतं, रात्रभर प्रवास करून डिगलीपूरजवळच्या एरियल बेला उतरवतं. वेळापत्रक अगदी थोडे दिवस आधी कळतं, हवा बिघडली की रद्द, हे धरूनच चाला.

तिथून जवळ कालीपूरचा किनारा. ऑलिव्ह रिडले, ग्रीन, हॉक्सबिल आणि सगळ्यात मोठं लेदरबॅक, अशी चार जातींची कासवं इथे अंडी घालायला येतात. कोकणात वेळासला आपण सकाळी पिल्लं समुद्रात जाताना बघतो, इथे रात्री आई बघायला मिळू शकते. रिडले मागच्या पायांनी आळीपाळीने खड्डा खणते, ओंजळीने काढावी तशी वाळू उचलून बाजूला टाकते, शंभरेक अंडी घालते, वाळू ओढून घेते आणि मग अख्खं अंग डावीकडे-उजवीकडे आपटत ती वाळू दाबून बसवते. डोळ्यांतून पाणी वाहत असतं, ते अंगातलं जादाचं मीठ बाहेर टाकण्यासाठी. पण नियम पाळा. फॉरेस्टवाल्यांना विचारल्याशिवाय रात्री किनाऱ्यावर जायचं नाही, टॉर्च आणि मोबाईलचा फ्लॅश बंद, अंडी घालायला सुरुवात झाल्यावरच जवळ जायचं आणि तेही मागच्या बाजूने. किनाऱ्यावर उजेड दिसला तर ती अंडी न घालताच परत फिरते. एखाद्या रात्री काहीच येणार नाही, म्हणून तर रात्री जास्त ठेवायच्या. दिवसा सॅडल पीक आहे, ७३२ मीटर, अंदमान-निकोबारमधलं सगळ्यात उंच टोक, घनदाट जंगलातून वाट जाते.

ताडोबाच्या सवयीने जाऊ नका मात्र. इथल्या जंगलात वाघ नाही, बिबट्या नाही, चितळ दिसतात ती ब्रिटिशांनी आणून सोडलेली आणि आता जंगलाची उगवती रोपं खाऊन नुकसान करतात. इथली खरी श्रीमंती पक्ष्यांत. अंदमानचा काळाकुट्ट सुतारपक्षी, लाल तुऱ्याचा, जगात दुसरीकडे कुठेच नाही! पोर्ट ब्लेअरपासून तासाभरावर चिडिया टापू आहे, तिथे संध्याकाळी थांबून घुबडं ऐका. सूर्य डिसेंबरात पाचच्या आसपासच बुडतो, त्यामुळे जेवून दुपारी निवांत निघू म्हणाल तर काहीच हाती लागणार नाही. आणि रोजची भरती-ओहोटीची वेळ लॉजवाल्याला विचारून घ्या, ओहोटीलाच खडकांवरच्या डबक्यांत समुद्र वाचता येतो, फक्त प्रवाळावर पाय देऊ नका.

परतीचं जहाज रद्द झालं तर फ्लाइट चुकेल, म्हणून विमानाआधी दोन दिवस मोकळे ठेवा. आणि जातानाचंच रद्द झालं तर चिडिया टापूला आणखी दोन संध्याकाळी काढा, पण ती बस पकडू नका.