टेप ओळखू येते, पण कशावरून?

परवा एका घरगुती बैठकीनंतर चहाच्या वेळी टेप चांगली की डिजिटल, हा विषय पुन्हा निघाला. एक गृहस्थ ठामपणे म्हणाले, "टेपवरचं रेकॉर्डिंग मी दोन सेकंदांत ओळखतो. त्यात ऊब असते. डिजिटल म्हणजे कोरडं." चारपाच जणांनी माना डोलावल्या. त्या घरी मी पहिल्यांदाच गेले होते, म्हणून काही बोलले नाही. पण गेली सहा वर्षं मी घरातल्या जुन्या कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवतेय. काही बाजू तर इतक्या वेळा ऐकल्यात की खोकला कुठे येतो तेही पाठ आहे. म्हणून आज सविस्तर लिहिते.

टेप ऐकून ओळखता येते, यात शंका नाही. मात्र ती ओळखू येते तिच्या खोडींवरून, उबेवरून नव्हे.

पहिली खोड सगळ्यांना माहीत आहे, मागचा तो सूऽऽ आवाज, हिस. कॅसेटची पट्टी जेमतेम 3.81 मिलिमीटर रुंद, तीही सेकंदाला 4.76 सेंटिमीटर एवढ्या संथ गतीने सरकणार. दोन्ही बाजूंचं रेकॉर्डिंग त्याच रुंदीत बसवायचं. एवढ्याशा जागेत चुंबकीय कण किती मावणार? त्या कणांचा स्वतःचा आवाज गाण्याच्या मागे ऐकू येतो. स्टुडिओतलं स्पूल मशीन सेकंदाला 38 सेंटिमीटर टेप ओढतं, पट्टीही रुंद असते, त्यामुळे तिथे हिस फारच कमी. त्यावर डॉल्बी (हिस दाबणारी यंत्रणा) लावलं की आणखी कमी. तेव्हा हिस नाही म्हणजे टेप नाही, असं समजू नका.

खरी भरवशाची खूण आपल्या संगीतातच आहे. तंबोरा. टेप मोटरवर चालते, रबरी पट्टा सैल होतो, रोलर झिजतो, आणि गती किंचित मागेपुढे होत राहते. ठेका जोरात चालू असताना हे कळत नाही. पण आलापीत नुसता तंबोरा आणि एक लांब षड्ज असला की सूर पाण्यावरच्या सावलीसारखा हलतो. डिजिटल रेकॉर्डरचं घड्याळ क्वार्ट्झचं असतं, तिथे कानाला जाणवेल असं हलणं होत नाही. टेप ओळखायची असेल तर गायकाकडे लक्ष देऊ नका, तंबोऱ्याकडे द्या.

आमच्या आत्याच्या गाण्याची एक कॅसेट आहे, 1984 सालच्या कोजागिरीची, गच्चीवर केलेली. वीज गेली म्हणून रेकॉर्डर सेलवर चालवला होता. सुरुवातीला आत्याचा षड्ज पेटीच्या सुरात अगदी बरोबर, पांढरी पाच (पेटीवरची पाचवी पांढरी पट्टी). बाजू संपत येते तशी ती हळूहळू चढत जाते आणि शेवटी जवळजवळ काळी चारला, म्हणजे अर्धा सूर वर, पोचते. पेटीही तिच्याबरोबर चढते, आणि पेटी काही चढत नसते. रेकॉर्ड करताना सेल उतरत गेले, टेप मंदावत गेली, आणि आज योग्य गतीने वाजवली की तोच भाग जलद पळतो. गती सुमारे 6 टक्के वाढली की सूर बरोबर अर्धा चढतो. हे मला कळलं तेव्हा मी पेटी काढून दर पाच मिनिटांनी सूर मोजला होता. अशी खूण डिजिटल रेकॉर्डरवर उमटूच शकत नाही.

आणखी एक खूण फार कमी लोकांच्या लक्षात येते. गुंडाळलेल्या टेपचे थर वर्षानुवर्षं एकमेकांना चिकटून पडलेले असतात. एका थरावरचं चुंबकत्व शेजारच्या थरावर किंचित उतरतं. मग शांततेत, गायकाने पहिला सूर लावायच्या एक ते तीन सेकंद आधी, तोच सूर अगदी पुसट ऐकू येतो. हेडफोन लावून ऐकलंत तर सापडेल. (एलपीवरही असा आगाऊ आवाज येतो, तो खाचा शेजारीशेजारी असल्यामुळे. तिथे अंतर ठरलेलं असतं, 33⅓ फेऱ्यांच्या तबकडीवर 1.8 सेकंद.)

आता उबेकडे वळते, कारण ते गृहस्थ खोटं बोलत नव्हते. टेपवर आवाज जोरात दिला की चुंबकीय कण भरून जातात, लाटांची टोकं गोलसर होतात, मूळ सुरात नसलेले थोडे वरचे स्वरांश मिसळतात. कॅसेटवर तर सगळ्यात वरची चकाकी आधी मंदावते. कानाला हे गोड लागतं, मलाही लागतं. डिजिटलमध्ये आवाज मर्यादेबाहेर गेला की लाटेचं टोक कापल्यासारखं सपाट होतं आणि कर्कश तडतड ऐकू येते. पण दोन्हीकडे आवाज मर्यादेत ठेवला, मशीन उत्तम असलं, तर काय उरतं? याचं उत्तर 2022 साली सगळ्या जगासमोर आलं.

अमेरिकेतली मोबाइल फिडेलिटी ही कंपनी 1977 पासून दर्दी लोकांसाठी महागड्या एलपी काढते. मूळ मास्टर टेपवरून थेट तबकडी कापली जाते, मध्ये काही डिजिटल नाही, म्हणजे सगळं अ‍ॅनालॉग, असा लोकांचा समज होता, आणि तो दूर करायची घाई कंपनीने केली नाही. मग मायकल जॅक्सनच्या "थ्रिलर"ची आवृत्ती 40,000 प्रतींची निघणार असं जाहीर झालं. ज्या पद्धतीने त्या तबकड्या बनतात त्यात इतक्या प्रतींसाठी मूळ टेप कितीतरी वेळा चालवावी लागली असती, आणि तेवढं त्या टेपला कोण करू देईल? जुलै 2022 मध्ये फीनिक्सच्या एका रेकॉर्ड दुकानदाराने ही शंका उघडपणे बोलून दाखवली, आणि थोड्याच दिवसांत कंपनीच्या इंजिनिअरांनी त्याला कबूल केलं की 2011 पासून मध्ये डिजिटल पायरी वापरली जाते. पुढे खटला, तडजोड, पैसे परत, सगळं झालं.

मला यात महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. तब्बल अकरा वर्षं जगातले सर्वांत चोखंदळ कान, लाखोंची यंत्रं घेऊन, या तबकड्यांना शुद्ध अ‍ॅनालॉगचा नमुना म्हणून डोक्यावर घेत होते. लबाडी कानाने पकडली गेली नाही, आकड्याने पकडली गेली.

मग त्या श्रोत्यांचे कान वाईट होते का? मुळीच नाही. त्यांनी टेपच ऐकली होती. मूळ रेकॉर्डिंग टेपवरचं, त्या टेपची हिस, तिचा गोलसरपणा, तिचा भरलेला खर्ज, हे सगळं डिजिटल पायरीने जसंच्या तसं उचलून पुढे दिलं. कानाला टेप ऐकू येते. टेप आणि कान यांच्या मधली चांगली डिजिटल पायरी मात्र ऐकू येत नाही.

2007 मध्ये बोस्टनच्या मायर आणि मोरान यांनी ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या जर्नलमध्ये हेच दाखवलं होतं. उच्च दर्जाचं रेकॉर्डिंग एकदा थेट, एकदा साध्या सीडीच्या 16 बिट, 44.1 किलोहर्ट्झमधून फिरवून ऐकवलं. कोणतं कोणतं ते 554 वेळा विचारलं, 276 वेळा उत्तर बरोबर आलं. नाणं उडवलं असतं तरी एवढंच आलं असतं.

हे सगळं एवढ्या पोटतिडकीने लिहायचं कारण म्हणजे "डिजिटल कोरडं" या समजापायी घरोघरच्या कॅसेट माळ्यावर कुजतायत. आणि ज्यांनी उतरवून घेतल्या त्यांच्यावर दुसरंच संकट येतं. आत्याचीच दुसरी एक कॅसेट मी आधी शहरातल्या एका दुकानात दिली होती. सीडी आली, हिस गायब, मी खूश. मग ऐकलं तर तंबोरा गायब! तबल्याची किनार पाण्यात बुडाल्यासारखी, "स" उच्चारताना विचित्र घरंगळणारा आवाज. सॉफ्टवेअरला काय दोष देणार? सतत एकसारखं चालणारं ते सगळं गोंगाट, असं त्याला शिकवलेलं. तंबोरा सततच चालतो. जवारीची, म्हणजे तारांच्या झंकाराची, ती बारीक झणझण हिसच्या शेजारीच राहते, एकीला खरवडलं की दुसरीही निघते. लोक जेव्हा "डिजिटल म्हणजे निर्जीव" म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा त्यांनी हे ऐकलेलं असतं, किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरून दहा हात फिरलेली एमपीथ्री.

ती कॅसेट मी परत आणली आणि घरच्या डेकवर लावली. आवाज दबलेला होता. टेप वाचणाऱ्या हेडच्या बाजूला एक छोटा स्क्रू असतो, हेडचा कोन त्याने बदलतो. ज्या रेकॉर्डरवर कॅसेट भरली त्याचा कोन आणि माझ्या डेकचा कोन जुळत नव्हता. पेचकस अगदी केसभर फिरवला आणि एका क्षणी तंबोऱ्याची जवारी उघडली. चाळीस वर्षांपूर्वीचा तो तंबोरा, चारही तारा वेगवेगळ्या. मी कितीतरी वेळ स्क्रूवरचा हात काढलाच नाही.

तेव्हा तुमच्याकडे अशा कॅसेट असतील तर एवढं करा. उतरवताना काहीही साफ करू नका. ध्वनिसंग्रह जपणाऱ्यांची आंतरराष्ट्रीय संघटना किमान 24 बिट, 48 किलोहर्ट्झ दर्जाची डिजिटल फाइल करायला सांगते, आणि तेही काहीही न बदलता. ती फाइल दोन ठिकाणी ठेवा. हिस काढायचीच असेल तर प्रतीवर प्रयोग करा. वाजवण्याआधी कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवून घ्या, म्हणजे चिकटलेले थर सुटतात. आवाज फारच मंद येत असेल तर कॅसेटच्या तोंडाशी पितळी पट्टीवरची छोटी गादी शाबूत आहे का बघा. जुन्या कॅसेटमध्ये ती गळून पडते. तसं असेल तर आतली टेप दुसऱ्या, स्क्रूने उघडणाऱ्या कॅसेटच्या खोक्यात हलवता येते. वरच्या कडेच्या दोन टिकल्या मात्र आधी तोडून टाका, चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी काही पुसलं जाणार नाही.