स्पालांझानीच्या कुत्रीबद्दलचा तो मेसेज

पशुपालकांच्या ग्रुपवर एक मेसेज पुन्हा फिरतोय: ‘१७८० मध्ये इटलीच्या स्पालांझानीने कुत्रीवर जगातलं पहिलं कृत्रिम रेतन केलं, शुक्राणूंमुळेच गर्भ राहतो हे सिद्ध केलं, वीर्य गोठवून दाखवलं आणि तेव्हापासून गाई अशाच भरवतात.’

कुत्रीचं खरं आहे. पाव्हियाच्या या पाद्री प्राध्यापकाने माजावरची कुत्री कोंडून ठेवली, कोमट पिचकारीने तिच्या गर्भाशयात वीर्य सोडलं आणि ६२ दिवसांनी तिला तीन पिल्लं झाली. पण ‘जगातलं पहिलं’ फक्त सस्तन प्राण्यांपुरतं म्हणा. जर्मनीत याकोबीने माशांची अंडी त्याआधीच हाताने फळवली होती आणि खुद्द स्पालांझानीने बेडकांची.

खरी गडबड ‘सिद्ध केलं’ या शब्दांत आहे. या गृहस्थाने बेडकाच्या नरांना तलम कापडाच्या चड्ड्या शिवून घातल्या (हो, चड्ड्या!). मिलन झालं, पण अंडी फळली नाहीत. चड्डीत अडकलेला द्रव अंड्यांना लावला, तेव्हा फळली. नुसत्या वीर्याच्या वाफेने काही होत नाही, हेही त्याने तपासलं. मग वीर्य टीपकागदातून गाळलं. खाली उतरलेलं पाणी निकामी, कागदावरचा गाळ मात्र कामाचा! उत्तर हातात होतं. पण त्याच्या मते जीव आधीच अंड्यात तयार असतो, वीर्यातले वळवळणारे जीव (म्हणजेच शुक्राणू) हे नुसते परोपजीवी किडे. त्यात आपल्या समजुतीनुसार ‘किडे नसलेल्या’ वीर्यानेही अंडी फळलेली त्याने पाहिली, मग काय, मत आणखी पक्कं झालं. हेच गाळण्याचे प्रयोग १८२४ मध्ये प्रेव्हो आणि द्यूमा या शास्त्रज्ञांनी पुन्हा केले आणि श्रेय शुक्राणूंना दिलं. म्हणजे हात स्पालांझानीचे, निष्कर्ष दुसऱ्यांचा.

गोठवणं? बर्फात ठेवलेले शुक्राणू मंदावतात आणि ऊब मिळाली की पुन्हा हलतात, एवढंच त्याने पाहिलं. गोठवूनही जिवंत ठेवायची ग्लिसरीनची युक्ती १९४९ ची. आजच्या नायट्रोजनच्या टाकीतल्या गोठवलेल्या वीर्याच्या कांड्या त्यानंतरच्या.

राहिलं ‘तेव्हापासून’. रशियात इव्हानोव्हने घोड्यांवर पद्धतशीर काम सुरू केलं ते विसाव्या शतकाच्या तोंडावर, डेन्मार्कमधली पशुपालकांची रेतन सहकारी संस्था १९३६ ची आणि आपल्याकडे म्हैसूरच्या राजवाड्याच्या डेअरीत हल्लीकर जातीच्या गाई अशा भरवल्या त्या १९३९ मध्ये. मधली दीडशे वर्षं मेसेजवाल्याने एका शब्दात उडवली.