पुन्हा तेच ०.०००

चिकोडी-हुक्केरीकडच्या ऊस शेतकऱ्यांवरचा शोधनिबंध आज तिसऱ्यांदा तपासायला आला आणि तक्त्यात पुन्हा तेच, पी (खरा परिणाम नसतानाही असा किंवा याहून टोकाचा निकाल निव्वळ योगायोगाने मिळण्याची शक्यता) बरोबर ०.०००! अरे पोरांनो, पी असा शून्य होत नाही. सॉफ्टवेअर तीनच दशांश दाखवतं, म्हणून तसं दिसतं. ‘०.००१ पेक्षा कमी’ लिहा, झालं. कंसातले आकडे प्रमाण त्रुटी (अंदाज किती डळमळीत, त्याचं माप) आहेत की टी-मूल्यं (अंदाज भागिले ती त्रुटी)? पत्ता नाही. ‘खानापूर’समोर सहगुणक (फरक किती, ते सांगणारा आकडा) ०.४२. पण कुणाच्या तुलनेत? संदर्भगटच गायब! पी लहान असल्याची खूण म्हणून तारे मात्र तीन-तीन. उन्हातान्हात बांधावर बसून तुम्हीच कन्नड-मराठी दोन्हींत प्रश्नावल्या भरून घेतल्यात ना? मग नमुना किती जणांचा, तेवढं तरी तक्त्याखाली लिहा की! जीव तुटतो हो.