टाकीतलं ‘विष’ आणि आत्याचं बॅरल

सांगलीत शामरावनगरला राहणाऱ्या माझ्या आत्यानं गेल्या आठवड्यात आरोग्य खात्याच्या मुलीला दारातूनच परत पाठवलं. कारण फॅमिली ग्रुपवरचा मेसेज: ‘डेंग्यूच्या नावाखाली तुमच्या टाकीत शेतातलं विष टाकतात, किडन्या जातात. डास गटारीत होतात, यांना घरात घेऊ नका. धूर मारायला सांगा. डेंग्यू झालाच तर पपईच्या पानांचा रस.’ खाली ‘जास्तीत जास्त शेअर करा’. आत्यानं केला, माझ्यासकट सगळ्यांना.

आधी विषाचं बघू. त्या औषधाचं नाव टेमिफॉस, सगळे अ‍ॅबेट म्हणतात. ते कीटकनाशकच आहे, एवढं मान्य करावं लागतं. तासगावकडं द्राक्षबागेत औषध मारणाऱ्यांना ते ऑरगॅनोफॉस्फेटचं कुळ चांगलं ठाऊक आहे. पण मेसेजवाल्यानं मात्रा तेवढी गिळली. जागतिक आरोग्य संघटनेनं पिण्याच्या पाण्यातसुद्धा लिटरमागे 1 मिलिग्रॅमपर्यंत ते चालतं असं सांगितलंय. 200 लिटरच्या बॅरलला किती झालं? 200 मिलिग्रॅम, एका ग्रॅमचा पाचवा हिस्सा. शिवाय आपल्याकडे ते साधारणपणे वापरायच्या पाण्यात टाकतात. पिण्याची भांडी ओतून घासायलाच सांगतात. आणि औषध नकोच असेल तर कुणी जबरदस्ती केलीय? बॅरल दर आठवड्याला ओता, घासा, वाळवा. तेवढं मात्र कुणाच्यानं होत नाही.

रविवारी मी आत्याकडं गेलो. मोरीमागं निळं बॅरल, वर अर्धवट फळी, फळीवर ओलं फडकं. मोबाईलची बॅटरी मारली. पाण्याच्या वरच्या थराला डोकं खाली करून लटकलेल्या अळ्या उजेड पडताच वळवळत तळाला पळाल्या. “नळातनं येत्यात त्या,” आत्या म्हणाली. नळातनं नाही, आत्या. डेंग्यू पसरवणारा डास म्हणजे एडिस. त्याची मादी पाण्याच्या काठावर, भांड्याच्या भिंतीला अंडी चिकटवते. ती कोरडी पडली तरी काही महिने जिवंत राहतात. पाणी लागलं की सात-दहा दिवसांत डास तयार. म्हणून आठवड्याचा कोरडा दिवस, आणि म्हणून नुसतं ओतून भागत नाही, काथ्यानं घासावं लागतं.

गटारीचं यातच आलं. गटारीत होतो तो क्युलेक्स. तो चावतो, हत्तीरोग पसरवतो, पण डेंग्यूचा डास स्वच्छ साठवलेल्या पाण्यातला. गटारी तुंबतात ही ओरड खोटी नाही, आणि नळाला रोज पाणी आलं असतं तर बॅरलं भरून ठेवावी लागली नसती, हेही खरं. तो राग त्या मुलीवर कशाला?

धुराचं तर हसूच येतं. गाडी आली की आपण दारं-खिडक्या लावतो, आणि एडिस बसलेला असतो आत, पलंगाखाली, पडद्यामागं. धुरानं उडते डास मरतात. बॅरलातल्या अळ्यांना त्याचा पत्ताही लागत नाही.

पपईच्या नादात दवाखाना लांबवू नका. ताप उतरतो त्याच सुमाराला पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त असं काही दिसलं तर लगेच दाखल करायचं. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन घ्यायचं नाही.

आत्या, शनिवारी येतो. काथ्या काढून ठेव, आणि ती मुलगी परत आली तर तिला आत घे, चहा दे.