हिरवळीला टक्कल पाडण्याची रीत

आपल्या अंगणातील हिरवळ मध्येच पिवळी पडली असेल, फाटकाजवळचा खाटेएवढा तुकडा उघडा पडला असेल आणि घरी येणारा प्रत्येक जण चपला काढण्याआधी त्याच्याकडे बोट दाखवत असेल, तर आपण मुळीच खचून जाऊ नये. रंकाळ्याच्या पलीकडे, जेथे परवापरवापर्यंत ऊस उभा होता अशा एका नव्या वसाहतीत राहून मी गेल्या दीड वर्षात या विषयाचे जे ज्ञान पैसे मोजून मिळवले आहे, ते येथे आपणास फुकट देत आहे.

पहिली गोष्ट म्हणजे चट्टा का पडला, हे कधीही शोधू नये. कारण सापडले की उपाय एकच उरतो आणि बाकीच्या दहा जणांचे सल्ले वाया जातात, ज्यामुळे शेजारधर्माला बाधा येते.

कारण न शोधता करण्याजोगा सर्वांत लोकप्रिय उपाय म्हणजे युरिया. ज्याचा एकही पाहुणा ऊस करत नाही असा माणूस कोल्हापुरात शोधून सापडणार नाही, त्यामुळे अर्धी गोणी कोठून तरी येतेच. युरियात ४६ टक्के नत्र असते आणि हिरवळीला एका वेळी चौरस मीटरमागे सुमारे १० ग्रॅम, म्हणजे चहाचे जेमतेम अडीच चमचे, पुरतात. तेही लगेच भरपूर पाणी दिले तर. परंतु चमच्याने खत टाकणे हे उसाच्या जिल्ह्याला शोभत नाही. आपण ओंजळीने टाकावे, भर दुपारी टाकावे आणि पाणी दुसऱ्या दिवशी द्यावे. खताच्या क्षाराने मुळांतलेच पाणी ओढून घेतले की चार दिवसांत चट्ट्याचा आकार दुप्पट होतो आणि सल्ला देणारा पाहुणा म्हणतो, “अजून थोडा टाकायला पाहिजे होता.”

शेजारच्या कुत्र्याला रोज ठरलेल्या जागी येऊ द्यावे. मध्ये वाळलेला आणि कडेने गडद हिरवी गोल पट्टी असलेला चट्टा त्याच नत्राचा असतो, फक्त त्यासाठी गोणी लागत नाही.

गवत कापताना एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशाहून अधिक कापू नये, असे जाणते लोक सांगतात. आपण बुडखे दिसेपर्यंत कापावे, कारण मजुरी तेवढीच पडते.

आंब्याच्या दाट सावलीत हरळी लावावी, आणि ती विरळ झाली की आंब्याला नव्हे, माळ्याला बोल लावावा.

हुमणी या मुळे खाणाऱ्या अळीबद्दल मात्र थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण उसाच्या रानात बांधलेल्या घराला ती जमिनीबरोबर वारसाहक्कानेच मिळते. चट्ट्याच्या कडेचे गवत मुठीत धरून ओढले आणि ते सतरंजीसारखे अलगद वर आले, तर खाली मुळे उरलेली नाहीत. तेथे चार बोटे माती उकरली की तपकिरी डोक्याची, अर्धचंद्रासारखी वळलेली पांढरी अळी सापडते. ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात ती सर्वांत अधिक खाते. वळवाचा पाऊस झाल्यावर संध्याकाळी कडुलिंबावर आणि बाभळीवर जमणारे तिचे भुंगेरे फांद्या हलवून खाली पाडावेत आणि रॉकेलमिश्रित पाण्यात टाकावेत, तसेच पावसाळ्यात शेणखतातून मेटारायझियम ही बुरशी द्यावी, हे येथील ऊसकरी आपणास झोपेतही सांगेल. आपण ते ऐकू नये. त्यासाठी संध्याकाळी मालिका सोडून अंगणात जावे लागते.

आता मुख्य उपाय, जो मी तीनदा केला. ठेकेदाराला बोलवावे. तो चट्ट्याकडे उभ्याउभ्या पाहतो, वाकत नाही, आणि म्हणतो, “काय काळजी करू नका साहेब, नाद खुळा लॉन करून देतो.” मग टेम्पोतून तयार हिरवळीच्या पट्ट्या येतात, मेलेल्या गवतावरच अंथरल्या जातात आणि चौरस फुटाच्या हिशेबाने पैसे घेऊन टेम्पो जातो. गेल्या पावसाळ्यात मूळची हिरवळ अशीच अंथरली गेली होती. दिवाळीला फाटकाजवळ चट्टा पडला, नवी पट्टी आली. होळीच्या आत ती वाळली, पुन्हा नवी आली. आणि या पावसात ती पाणी साचून कुजली. खाली खणून पाहू या का, असे मी प्रत्येक वेळी विचारले आणि प्रत्येक वेळी मला एकच उत्तर मिळाले: “खालचं कुणाला दिसतंय साहेब?”

गेल्या रविवारी मी स्वतः पहार घेतली. दुसऱ्याच घावाला ती खणकन वाजली. चार बोटे मातीखाली घर बांधताना माल कालवलेल्या जागेचा सिमेंटचा पापुद्रा जसाच्या तसा होता, त्याच्या खाली विटांचे तुकडे, फरशीच्या चिपा, एक फुटका चहाचा पेला आणि ज्या राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे त्या राज्यातील गुटख्याच्या अकरा पुड्या निघाल्या. गवताच्या मुळांना वीतभर तरी माती लागते. येथे चार बोटे होती, उन्हाळ्यात दोन दिवसांत तापून कोरडी होणारी आणि कोल्हापूरच्या पावसात थाळीसारखी तुंबणारी. यावर एक नव्हे, शंभर पट्ट्या अंथरल्या असत्या तरी त्या मेल्याच असत्या, आणि हे त्या माणसाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते, कारण बांधकामाचा राडारोडा तेथे दाबून वर माती पसरणारा मुकादम त्याचाच चुलतभाऊ निघाला!

येथे उपरोध करण्याची माझी इच्छा संपली आहे. ही फसवणूक आहे, आणि तिला आपण सगळे दीड-दीड वर्ष पैसे पुरवतो, कारण आपल्यालाही कमरेत वाकायला नको असते. अर्ध्या तासाचे काम आहे हो! चट्ट्यात पहार मारा, वीतभर खोल जाते का ते पाहा, गवत ओढून पाहा, वर झाड आहे का ते मान वर करून पाहा. राडारोडा निघाला तर तो सगळा उचला, चांगली माती, कुजलेले शेणखत आणि थोडी वाळू भरून पाणी मारून बसू द्या, खड्डा खचला की पुन्हा भरा, आणि मगच पट्टी दाबून बसवा व मुळे धरेपर्यंत दोन-तीन आठवडे तिच्यावर पाय ठेवू नका. तिसऱ्यांदा पैसे मोजताना मला याची लाज वाटायला हवी होती. तुम्ही पहिल्यांदाच वाटून घ्या.

मी ठेकेदाराला फोन केला, तेव्हा तो म्हणाला, “पाऊस संपू दे, परत टाकून देतो.” निघालेला राडारोडा मी पाच पोत्यांत भरून फाटकाच्या आतच ठेवला आहे. पैसे मागायला येईल, तेव्हा त्याच्या टेम्पोत तोच चढवायचा आहे.